‘रेव्ह’ या इंग्रजी शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वाचकाची ‘रेव्ह’ शब्दाशी ओळख बहुतेक वेळा पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत होते. फार्महाऊस, पहाटेची वेळ, ‘उच्चभ्रू घरातील तरुण-तरुणी’ आणि ताब्यात घेतलेल्यांचा आकडा, असा त्या बातमीचा ठरलेला साचा असतो. त्यामुळे इंग्रजी वाचताना हाच शब्द नाटकाच्या परीक्षणात, तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या वर्णनात किंवा एखाद्या राजकीय पक्षाच्या नावात दिसला की माणूस गोंधळतो. इंग्रजी वाचणारे, शिकवणारे आणि भाषांतर करणारे यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

थोडक्यात सांगा, ‘रेव्ह’ म्हणजे काय?

भान सुटून बोलणं किंवा वागणं. भान तापाने सुटेल, रागाने सुटेल, कौतुकाने सुटेल, नाहीतर रात्रभर नाचून सुटेल. कारण कोणतं ते पुढच्या-मागच्या शब्दांवरून ओळखायचं. पार्टी हा यातला सगळ्यात धाकटा अर्थ आहे.

‘रेव’ लिहायचं की ‘रेव्ह’?

‘रेव्ह’. इंग्रजीतला हा ध्वनी मराठीत ‘व्ह’ने लिहायची रीत आहे: व्हॅन, व्हिडिओ, ड्राइव्ह. ‘रेव पार्टी’ हे हिंदी बातम्यांमधून आलेलं लेखन आहे. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. जुन्या मराठी पुस्तकांत ‘रेव्ह.’ असं टिंब देऊन लिहिलेलं दिसलं तर तो ‘रेव्हरंड’चा संक्षेप असतो. रेव्ह. ना. वा. टिळक यांच्या नावामागच्या उपाधीचा या बेभान शब्दाशी काडीचाही संबंध नाही. ती उपाधी ‘आदर बाळगणे’ अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून आली आहे.

शब्द मुळात कुठला?

इंग्लंडमध्ये तो फ्रान्सहून गेला. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढची काही शतकं तिथल्या दरबारात, कचेऱ्यांत, न्यायालयांत फ्रेंचचाच बोलबाला होता. त्या काळात हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. चौदाव्या शतकात इंग्रजीत ‘रेव्ह’ हे क्रियापद दिसू लागतं आणि त्याचा अर्थ असतो वेड्यासारखं वागणं, बरळणं. उत्तर फ्रान्सच्या बोलीत ‘रावेर’ असं रूप असावं आणि ते जुन्या फ्रेंचमधल्या ‘रेस्वेर’ या क्रियापदाचं भावंड असावं, असं व्युत्पत्तिकार मानतात. ‘रेस्वेर’ म्हणजे इकडेतिकडे भटकणं, उंडारणं, आणि पुढे भ्रमिष्टासारखं वागणं.

याच ‘रेस्वेर’चं आजच्या फ्रेंचमधलं रूप म्हणजे ‘रेव्हे’, स्वप्न पाहणं. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन फांद्या. फ्रान्समध्ये राहिलेली फांदी स्वप्नाळू झाली आणि खाडी ओलांडून इंग्लंडला गेलेली पिसाळली. इंग्रजीने नंतर ‘रेव्हरी’ हा आणखी एक शब्द त्याच घराण्यातून घेतला. आज त्याचा अर्थ दिवास्वप्न, तंद्री असा सौम्य आहे, पण जुन्या फ्रेंचमध्ये त्यातही दंगामस्ती आणि बरळणं होतं.

‘रेस्वेर’च्या मागे आणखी काय होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जुने कोश त्याला पिसाळण्याच्या लॅटिन शब्दाशी, म्हणजे ‘रेबीज’च्या मुळाशी जोडतात. ऐकायला ते चपखल वाटतं, पण आजचे कोशकार त्याला मान्यता देत नाहीत. ‘रेज’ म्हणजे संताप हा शब्द मात्र खरोखरच ‘रेबीज’च्या घरातला आहे. अर्थ जुळले म्हणजे मूळही जुळलं, असं धरून चालायचं नाही.

तापात बरळण्याला आजही ‘रेव्ह’ म्हणतात का?

कथा-कादंबऱ्यांत म्हणतात, दवाखान्यात नाही. डॉक्टरांचा शब्द ‘डिलिरियम’. त्याची जन्मकथा शेतकऱ्याला सांगितली तर लगेच पटेल. लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगराने पाडलेलं तास. ते तास सोडून नांगर भलतीकडे जाणं म्हणजे ‘डेलिरारे’, आणि त्यावरून भ्रमिष्ट होणं. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’, म्हणजे अट्टल दारुड्याची दारू एकदम तुटल्यावर होणारी थरथर आणि भास, हे नाव १८१३ मध्ये थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने दिलं.

आपल्याकडे वैद्यकीतला शब्द ‘सन्निपात’, घरातला शब्द ‘वात’. ताप डोक्यात गेला, पोरगं वातात बरळायला लागलं, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा, ही भाषा अजून गेलेली नाही. जुन्या इंग्रजी कादंबरीत ‘ही रेव्ह्ड ऑल नाइट’ असं आलं आणि खोलीत डॉक्टर, मेणबत्ती आणि ओला रुमाल असेल, तर ‘तो रात्रभर वातात बरळत होता’ असंच लिहा. तिथे ‘बडबडत होता’ फिकं पडतं. मराठीत बडबड लाडाचीही असते, लहान मुलांची बडबडगीतं असतात. ‘रेव्हिंग’मध्ये लाड कधीच नसतो.

एकाच शब्दाचा अर्थ ‘शिव्या घालणं’ आणि ‘डोक्यावर घेणं’ असा दुहेरी कसा?

दोन्हीकडे जिभेवरचा ताबा सुटलेला असतो. अर्थ कुठे वळतो ते बहुधा पुढचं शब्दयोगी ठरवतं, आणि शिकवताना हीच गोष्ट आधी सांगायला हवी. ‘रेव्ह ॲट’ किंवा ‘रेव्ह अगेन्स्ट’ आलं की संताप. ‘रेव्ह अबाउट’ आलं की आजकाल जवळजवळ नेहमीच कौतुक. हा कौतुकाचा अर्थ अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून नोंदलेला आहे. पुढे काहीच नसेल आणि नुसतंच ‘ही वॉज रेव्हिंग’ असेल, तर माणूस भ्रमात आहे की रागात, हे प्रसंगावरून ताडायचं.

‘रेव्ह रिव्ह्यू’ म्हणजे कडक टीका ना?

उलट. तोंड भरून केलेली स्तुती. अमेरिकेतल्या नाट्यव्यवसायाच्या बोलीत १९२० च्या दशकात ‘रेव्ह’ हे नाम या अर्थाने रुळलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्या काळी पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं नाटक तारायची किंवा बुडवायची. त्यामुळे निर्माते परीक्षणं मोजायचे ती दोन ढिगांत: इतके ‘रेव्ह’, इतके ‘पॅन’. ‘पॅन’ म्हणजे झोडपून काढलेलं परीक्षण.

ओटीटीवरच्या मराठी उपशीर्षकांत नेमकी इथेच ठेच लागते. ‘द क्रिटिक्स रेव्ह्ड’ या तीन शब्दांखाली ‘समीक्षक भडकले’ असं झळकतं, आणि पुढच्याच दृश्यात नायिका शॅम्पेन उघडत असते! ‘समीक्षकांनी डोक्यावर घेतलं’ इतकं लिहिलं तरी भागतं. उपशीर्षकाला जागा कमी असते. तीच ओळ छापील मजकुरात असेल तर ‘स्तुतिसुमनं उधळली’ म्हणायला हरकत नाही, फक्त त्यात जरा उपहासाचा वास येतो. ‘रेव्ह’मध्ये तो नसतो.

‘रँट’ आणि ‘रेव्ह’ जोडीने येतात. दोन्ही एकच का?

जोडी म्हणून म्हणाल तर हो. ‘रँट अँड रेव्ह’ म्हणजे थयथयाट करणं, आदळआपट करणं. सुटे वापरलेत तर फरक आहे. ‘रँट’मध्ये तक्रार असते, मुद्दा असतो, बोलणारा शुद्धीवर असतो. त्याला थांबायचं मात्र नसतं. मराठीत याला ‘तोंडसुख घेणं’ हा नामी शब्दप्रयोग आहे, कारण त्यात बोलणाऱ्याला होणारा आनंदही आला. ‘रेव्ह’मध्ये मुद्दा हरवलेला असतो.

‘रँट’ आला डच भाषेतून. तिथे ‘रांटेन’ म्हणजे मूर्खासारखं बोलणं. इंग्रजीत तो १६०० च्या सुमारास शिरला. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑफीलियाच्या थडग्यापाशी तिचा भाऊ मोठमोठ्याने शोक करतो, तेव्हा हॅम्लेट त्याला सुनावतो की तुझ्याइतकं ‘रँट’ मलाही करता येतं. त्या काळच्या रंगभूमीवर हा शब्द नटांसाठी सर्रास वापरला जाई. छाती पिटून, डोळे वटारून वाक्यं फेकणारा नट म्हणजे रँट करणारा नट.

पन्नासेक वर्षांत तोच शब्द माणसांच्या एका गटाला चिकटला. १६४९ मध्ये इंग्लंडच्या संसदेने राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद केला आणि त्या उलथापालथीत नाना पंथ उगवले. त्यातल्या काहींना लोक ‘रँटर्स’ म्हणू लागले. देव सगळ्यांत आहे, तेव्हा पाप असं काही नाही, ज्याच्या मनात पाप त्यालाच ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं असल्याचं सांगितलं जाई. अबीझर कॉप हा त्यांतला सगळ्यात गाजलेला. लंडनच्या रस्त्यात श्रीमंतांच्या बग्ग्यांपुढे उभं राहून आपण दात-ओठ खाऊन त्यांना कसं झापलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. संसदेने त्याचं पुस्तक जाळायचा हुकूम दिला आणि १६५० मध्ये ईश्वरनिंदेविरुद्ध कायदा केला. या पंथाविषयीची बरीचशी माहिती विरोधकांच्या चोपड्यांतून आलेली आहे. जे. सी. डेव्हिस या इतिहासकाराने तर १९८६ मध्ये असं मांडलं की रँटर्स नावाचा पंथ प्रत्यक्षात नव्हताच, तो बागुलबुवा होता. यावर इतिहासकारांची चांगलीच जुंपली. एकोणिसाव्या शतकात पुन्हा हेच नाव इंग्लंडमधल्या ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट’ मंडळींना चिडवायला वापरलं गेलं, कारण ते उघड्यावर, मोठ्या आवाजात भजनं गात आणि प्रवचनं करत.

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये ‘रँट’ म्हणजे एक ठेक्याची नाचाची धून, हेही जाता जाता. ‘मॉर्पेथ रँट’ ऐकून कोणी कोणावर ओरडत नाही, लोक टाचा आपटत नाचतात.

‘रेव्हिंग मॅड’ कळलं, पण ‘रेव्हिंग ब्यूटी’?

तिथे ‘रेव्हिंग’ फक्त जोर वाढवतं. बरळणारी सुंदरी नव्हे, तर वेड लावणारी सुंदरी. ‘रेव्हिंग सक्सेस’ म्हणजे दणदणीत यश. ‘स्टार्क रेव्हिंग मॅड’ म्हणजे ठार वेडा. आपलं ‘ठार’ तिथे जसं मारत नाही, तसं त्यांचं ‘रेव्हिंग’ बरळत नाही.

‘रेव्हिंग लूनी’ नावाचा पक्ष खरंच आहे?

खरंच आहे आणि निवडणुका लढवतो. पूर्ण नाव ‘ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी’. ठार वेड्या राक्षसांचा अधिकृत पक्ष, म्हणा हवं तर. ‘स्क्रीमिंग लॉर्ड सच’ असं नाव घेतलेल्या डेव्हिड सच या रॉक गायकाने तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढला. उंच टोपी, अंगभर बिल्ले आणि हातात भोंगा घेऊन तो प्रचार करायचा. ब्रिटनमध्ये निकाल जाहीर होताना सगळे उमेदवार मंचावर रांगेने उभे राहतात. त्यामुळे होऊ घातलेल्या खासदाराशेजारी ही टोपी टीव्हीवर दिसायचीच.

थट्टा म्हणून सोडून द्यावा असा हा प्रकार नाही. १९९० च्या मे महिन्यात बूटल इथल्या पोटनिवडणुकीत सचला ४१८ मतं पडली आणि डेव्हिड ओवेन यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला १५५. ज्या पक्षाने काही वर्षांपूर्वी ब्रिटिश राजकारण हलवून सोडलं होतं, त्याने थोड्याच दिवसांत दुकान बंद केलं. पाळीव प्राण्यांना पासपोर्ट द्या, पब दिवसभर उघडे ठेवा, या लूनींच्या मागण्या वेडगळ म्हणून हसण्यावारी नेल्या गेल्या होत्या. पुढे दोन्ही गोष्टी सरकारी नियमात आल्या. १९९९ मध्ये सच वारला, तेव्हा पक्षाचं नेतृत्व ॲलन होप आणि त्याचा बोका कॅटमँडू यांच्याकडे संयुक्तपणे गेलं. बोका २००२ पर्यंत पदावर होता.

मग पार्टीचा अर्थ कधी आला?

वाटतो त्यापेक्षा बराच आधी. ‘रेव्ह-अप’ हा शब्द ब्रिटिश बोलीत दंगामस्तीच्या पार्टीसाठी १९४० च्या आसपास नोंदलेला आहे. युद्धानंतर लंडनच्या सोहो भागातल्या तळघरांत जॅझची मंडळी रात्रभर वाजवायची आणि नाचायची. त्या रात्री म्हणजे ‘रेव्ह’ आणि तिथे पडीक असणारे ‘रेव्हर’. १९५८ मध्ये अमेरिकेत बडी हॉलीचं ‘रेव्ह ऑन’ हे रॉक अँड रोल गाणं आलं. तिथे ‘चालू दे तुझं वेड’ असा प्रेमळ सूर आहे. साठच्या दशकात गिटारवाल्या बँड्सनी गाण्याच्या मध्येच लय दुप्पट करून कळस गाठायचा, त्याला ‘रेव्ह-अप’ म्हणायला लागले. १९६७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लंडनच्या राउंडहाऊसमध्ये ‘मिलियन व्होल्ट लाइट अँड साउंड रेव्ह’ नावाचा कार्यक्रम झाला, त्यासाठी बीटल्सनी खास ध्वनिमुद्रण करून दिलं होतं.

नंतर शब्द जुना वाटू लागला, काकालोकांच्या तोंडचा. त्याला नवं आयुष्य मिळालं ते १९८७-८८ मध्ये. इबिझा या स्पॅनिश बेटावर सुट्टी घालवून आलेल्या लंडनच्या काही डीजेंनी तिथल्यासारख्या रात्री इंग्लंडमध्ये सुरू केल्या. शिकागोहून आलेलं ‘ॲसिड हाऊस’ संगीत, पिवळा हसरा चेहरा छापलेले टी-शर्ट आणि एक्स्टसी या अमली पदार्थाच्या गोळ्या. क्लब कमी पडू लागले तेव्हा गोदामं, विमानांचे हँगर, शेतं. लंडनभोवतालच्या एम-२५ रिंगरोडवर गाड्यांचे ताफे फिरायचे. जागेचा पत्ता आयत्या वेळी फोनवर ध्वनिमुद्रित संदेशातून कळायचा, म्हणजे पोलीस पोहोचेपर्यंत हजारो लोक नाचायला लागलेले असत. ‘ऑर्बिटल’ या प्रसिद्ध बँडचं नाव याच रिंगरोडवरून पडलं.

ब्रिटिश कायद्यात ‘रेव्ह’ची व्याख्या आहे म्हणतात. ती काय आहे?

कायद्याने एका सैलसर शब्दाला चिमटीत पकडायचा प्रयत्न केला आणि त्यातून एक विचित्र वाक्य जन्माला आलं. आधी १९९० च्या एका कायद्याने बेकायदा पार्ट्यांचा दंड २०,००० पौंडांपर्यंत नेला आणि सहा महिन्यांच्या कैदेची तरतूद केली. मग १९९२ च्या मे महिन्यात वूस्टरशरमधल्या कॅसलमॉर्टन इथल्या माळावर २०,००० च्या वर लोक जमले आणि जवळपास आठवडाभर संगीत थांबलं नाही. गावकऱ्यांची झोप उडाली, बातम्या पेटल्या, संसदेत आवाज उठला.

त्यातून १९९४ चा ‘क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्ट’ आला. त्याच्या कलम ६३ च्या शीर्षकात ‘रेव्ह’ शब्द आहे. मजकुरात शंभर किंवा अधिक माणसांचा उघड्यावरचा जमाव, रात्रीच्या वेळी ध्वनिवर्धकावर वाजणारं संगीत आणि त्यामुळे रहिवाशांना होणारा गंभीर त्रास, असं वर्णन आहे. पुढे संगीत म्हणजे काय तेही सांगितलं आहे: एकामागून एक येणाऱ्या, पुन्हापुन्हा त्याच ठोक्यांचं प्राबल्य असलेले आवाजही संगीतात धरले जातील. कायदेमंडळाने ठेक्यावर बोट ठेवल्याचं असं उदाहरण क्वचितच सापडेल. आपल्याकडच्या लेझीमच्या हलगीलाही ते सहज लागू पडलं असतं!

‘ऑटेकर’ या इलेक्ट्रॉनिक संगीतकार जोडीने त्याच वर्षी एक रेकॉर्ड काढून याची मजा केली. त्यातली एक रचना अशी बांधली होती की कोणत्याही दोन आवर्तनांत ठोके सारखे येत नाहीत. वेष्टणावर सल्ला छापला होता की पोलिसांनी हटकलं तर संगीत पुनरावृत्तीचं नाही हे पटवायला वकील आणि संगीततज्ज्ञ जवळ ठेवा. २००३ मध्ये कायदा आणखी आवळला आणि शंभराचा आकडा वीसवर आणला.

रेव्ह हा ‘रॅडिकल ऑडिओ व्हिज्युअल एक्सपिरियन्स’चा संक्षेप आहे हे खरं का?

नाही. शब्द सहाशे वर्षांहून जुना आहे, तेव्हा ऑडिओ-व्हिज्युअल कुठलं? अशी विस्तारित रूपं नंतर कोणीतरी हौसेने जुळवतं आणि ती व्हॉट्सॲपवर फिरत राहतात. अमेरिकेत मात्र हे मुद्दाम केलं गेलं. २००२ मध्ये जो बायडन सिनेटर असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकाचं नाव एक्स्टसीपासून अमेरिकनांचा बचाव करण्याविषयीचं होतं आणि त्यातली आद्याक्षरं जुळवली की ‘रेव्ह’ शब्द व्हायचा. पुढच्या वर्षी ते निराळ्या नावाने संमत झालं.

आपल्याकडे रेव्ह पार्टी करणं हा गुन्हा आहे का?

‘रेव्ह पार्टी’ नावाचा गुन्हा भारतीय कायद्यात नाही. गुन्हा असतो अमली पदार्थांचा, आणि तो १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली नोंदवला जातो. सेवन, बाळगणं, विकणं, तसंच जागा वापरू देणं, या प्रत्येकासाठी वेगळं कलम आहे. त्यामुळे फार्महाऊसचा मालकही अडकू शकतो. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकतं, आणि गणेशोत्सव-नवरात्रात ती आपण अनुभवतोच. महाराष्ट्रात दारूचा परवाना हा आणखी एक मुद्दा.

म्हणून बातमीत ‘रेव्ह पार्टी’ वाचलं की खालचं कलम बघावं. पुष्कळदा पहिल्या दिवशीचा मथळा रेव्हचा असतो आणि रक्ताच्या तपासणीचे अहवाल आल्यावर उरतं ते विनापरवाना दारू आणि मोठा आवाज. उलटही होतं, म्हणजे अमली पदार्थ खरंच सापडतात. मार्च २००७ मध्ये सिंहगडाजवळच्या डोणजे परिसरात पुणे ग्रामीण पोलिसांनी छापा टाकून अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं. हा शब्द मराठी घराघरांत पोहोचवण्यात त्या छाप्याचा वाटा मोठा आहे.

‘रेव्ह पार्टी’ ही द्विरुक्ती नाही का?

आहे. इंग्लंडमध्ये नुसतं ‘अ रेव्ह’ म्हणतात. ‘रेव्ह पार्टी’ म्हणजे पिवळा पीतांबर. पण मराठीत नुसतं ‘रेव्ह’ म्हटलं तर कोणाला कळणार नाही, तेव्हा राहू द्या. आणि या पीतांबरात आपण एकटे नाही, फ्रेंच लोकही ‘रेव्ह-पार्टी’च म्हणतात. २००१ मध्ये त्यांच्याकडे अशा मेळाव्यांवर निर्बंध घालणारी मारियानी दुरुस्ती आली. म्हणजे फ्रान्समधून भटकत निघालेला शब्द सहा शतकांनी इंग्रजी कपड्यांत घरी परतला आणि घरच्यांनी त्याला अडवून कागदपत्रं मागितली.

यात गोव्याचा हात किती?

शब्दात नाही, संगीतात भरपूर. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर १९७० च्या आगेमागे हिप्पी आले आणि चांदण्या रात्रींच्या पार्ट्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांना कोणी रेव्ह म्हणत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले गिल्बर्ट लेव्ही, म्हणजेच ‘गोवा गिल’, यांनी आधी रॉक आणि नंतर इलेक्ट्रॉनिक संगीत तिथे तासन्‌तास वाजवलं. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार युरोप, इस्राएल, जपानपर्यंत गेला. इंग्लंडची रेव्ह आणि गोव्याची पार्टी या दोन वेगळ्या ओढ्यांचं पाणी तिथे मिसळलं. परदेशी नियतकालिकांत सगळ्यालाच सरसकट रेव्ह म्हणतात. हणजूणच्या जुन्या मंडळींना ते रुचत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

मराठीत एकच प्रतिशब्द सुचवा.

एक नाही, आणि शोधूही नये. ताप असेल तर बरळणं, वातात बरळणं. राग असेल तर आगपाखड, थयथयाट, आकांडतांडव. कौतुक असेल तर डोक्यावर घेणं, गोडवे गाणं, तोंड भरून वाखाणणं. ‘शी रेव्ह्ज अबाउट दॅट मिसळ’ याचं भाषांतर ‘त्या मिसळीचं नाव काढलं की ती सुटतेच’ असं केलं तर शब्दयोगी, उत्साह, सगळं येतं. पार्टी असेल तर रेव्ह पार्टीच. ‘धांगडधिंगा’ त्यात बसतो, पण तो लग्नाच्या वरातीतही बसतो.

‘बरळणं’ वापरताना एक सावधगिरी बाळगा. मराठी मथळ्यांनी त्याचा अर्थ सरकवला आहे. ‘अमुक नेते बरळले’ म्हणजे आजकाल त्यांनी आक्षेपार्ह विधान केलं, तेही बहुधा शांतपणे, माईक तपासून, पूर्ण शुद्धीत. इंग्रजीत याला ‘रेव्ह्ड’ म्हणणार नाहीत. त्यामुळे उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना, ‘बरळले’ला ‘रेव्ह’ लावलं तर त्या नेत्याला फुकटचं वैद्यकीय कारण मिळेल.

‘रेव्हन’ म्हणजे डोमकावळा आणि ‘रॅव्हनस’ म्हणजे भुकेने वखवखलेला. हे नात्यातले का?

दोन्ही नाहीत. ‘रेव्हन’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, पक्ष्याच्या कर्कश आवाजावरून पडलेला. ‘रॅव्हनस’ आला लुटालूट, हिसकावणं अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

फ्रेंच मेनूकार्डावर ‘शू-राव्ह’ दिसलं आणि त्याचं स्पेलिंग तंतोतंत रेव्हचं होतं. काय मागवलं म्हणायचं मी?

नवलकोल. फ्रेंचमध्ये ‘राव्ह’ म्हणजे सलगमसारखं कंद, लॅटिन ‘रापा’पासून आलेलं. बीटलाही ते ‘बेतराव्ह’ म्हणतात. इंग्लंडच्या खेड्यांत तर याच स्पेलिंगचा तिसराच एक शब्द आहे: बैलगाडी किंवा घोडागाडीच्या बाजूंना, माल सांडू नये म्हणून लावलेली लाकडी पट्टी.